हजेरीपटाबाहेरची माणसे

दसऱ्याचे सोने लुटून झाले आणि दिवाळी तोंडावर आली की, नांदेड जिल्ह्यातील मुखेड, कंधार, लोहा आणि लातूर जिल्ह्यातील जळकोट, अहमदपूर ह्या बालाघाटाच्या माळरानावर वसलेल्या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवर दरवर्षी एक निराळीच लगबग सुरू होते. पावसाळ्याच्या ऐन अडचणीत मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्याची मुदत आलेली असते. आणि नवरा-बायको मिळून ज्यांचा ‘एक कोयता’ म्हणून हिशेब धरला जातो अशी कुटुंबे भांडीकुंडी, ज्वारीचे पोते, अंथरूण-पांघरूण आणि मुलेबाळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावरच माघारी येतात. ह्या पाच-सहा महिन्यांत त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचे काय होते, हा प्रश्न सरकारी अहवालांतून ‘शालाबाह्य मुले’ ह्या सदराखाली नोंदला जातो. परंतु तो सुटतो, किंवा सुटावयाचा राहून जातो, तो मात्र त्या लगबगीच्या आठवड्यात तांड्यावरच्या एखाद्या घराच्या उंबरठ्यावर.

त्या उंबरठ्यावर उभे असतात ते जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेतील गुरुजी. मुलीला आजीपाशी ठेवा, तिचे वर्ष वाया घालवू नका, तिच्या दोन वेळच्या जेवणाची तजवीज शाळेत होईल, असे ते परोपरीने सांगत असतात, आणि समोरची माऊली बोचके बांधता बांधताच विचारते, “लेकरू ठिवलं तर बारक्याला कोण बघावं, गुर्जी? आमी तर दिसभर फडात असताव.” ह्या प्रश्नात शिक्षणाविषयीची अनास्था मुळीच नाही, त्यात आहे तो एका कुटुंबाच्या श्रमविभागणीचा रोखठोक हिशेब. आईबाप पहाटेच्या काळोखात फडात उतरले म्हणजे कोपीपाशी मागे राहिलेल्या तान्ह्या भावाला कडेवर घेऊन बसणे, पाणी आणणे आणि जमेल तशी भाकरी थापणे ही आठ-नऊ वर्षांच्या मुलीची नेमणूकच असते. मुलगी मागे राहिली तर तिच्या वाट्याचे काम आईवर पडते, आणि आईने पडलेल्या उसाची मोळी बांधावयाची थांबविली तर कोयता अर्धा होतो. म्हणून गुरुजींना नुसत्या उपदेशाने भागत नाही. आजीला राजी करावे लागते, बापाशी मुकादमासमक्ष बोलावे लागते, क्वचित तांड्याच्या नायकाला मध्यस्थ घालावे लागते. एवढे करूनही जी मुले ट्रॉलीत बसतातच, त्यांच्या हाती शिक्षण हमी पत्र देऊन, कारखान्याजवळच्या शाळेत ती रुजू होतील अशी आशा बाळगून ते परततात.

जी मुले मागे राहतात त्यांच्यासाठी शासनाने ‘हंगामी वसतिगृह’ नावाची योजना केली आहे. नाव वसतिगृहाचे असले तरी पुष्कळ ठिकाणी त्याला स्वतंत्र इमारत नसते. शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली गावातच मुलांच्या जेवणाखाणाची आणि सायंकाळच्या अभ्यासाची सोय करावयाची, आणि रात्री त्यांनी आजी-आजोबांच्या किंवा नात्यागोत्याच्या घरी निजावयाचे, असा तिचा साधारण क्रम असतो. सरकारी तपशील येथे संपतो. त्यापुढचे जे काम आहे ते कोणत्याही शासननिर्णयात लिहिलेले नाही, आणि लिहिता येण्यासारखेही नाही. भाकरी थापणाऱ्या मावशीने रात्री ताटे मोजली आणि एक ताट जास्त उरले, तर कंदील किंवा बॅटरी घेऊन ते मूल कोठे राहिले हे पाहावयास कोणी तरी जावे लागते. आजीला नीट दिसत नसते; म्हणून पोरींच्या डोक्यातील उवा काढणे, कापलेल्या बोटाला हळद लावणे, ताप उतरला की नाही हे कपाळावर हात ठेवून पाहणे, ही कामे त्या मावशीकडेच येतात. अनुदान वेळेवर न आले तर किराणा दुकानदाराची उधारी गुरुजींच्या नावावर चढते. आणि आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी मोबाईलवर फडातून आईचा फोन येतो, तेव्हा तो मुलाच्या कानाशी धरून उभे राहणे हेही एक काम असते. कारण आईचा आवाज कानी पडला की पुष्कळ मुलांना बोलताच येत नाही, आणि मग ‘जेवला, झोपला, शाळेत गेला’ हा वृत्तान्त धरणाऱ्यालाच द्यावा लागतो.

समाजाच्या दृष्टीने ही माणसे जवळजवळ अदृश्य आहेत. मुलांची हजेरी ज्या पटावर लागते त्या पटावर गुरुजींची सही असते, एवढेच. मावशीचे, शेजारच्या बारावी झालेल्या ताईचे, संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर पोरे जमवून पाढे म्हणवून घेणाऱ्या निवृत्त पोस्टमनचे नाव कोठेच येत नाही. मला येथे जे सांगावयाचे आहे ते एवढेच की, वंचित मुलाला जे मिळावयास हवे असते त्यातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे रोज त्याच वेळी, त्याच ठिकाणी, त्याच्यासाठी हजर असणारे एक ठरावीक माणूस. आणि त्या माणसाविषयीची आपली कृतज्ञता अजून शाल-श्रीफळापलीकडे फारशी गेलेली नाही.

हे केवळ भावनेने म्हणतो असे नाही. मुंबईत १९९० नंतरच्या दशकात ‘प्रथम’ ह्या संस्थेने महापालिकेच्या शाळांमध्ये मागे पडलेल्या मुलांसाठी ‘बालसखी’ नेमण्याचा उपक्रम सुरू केला. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतील, शालान्त शिक्षण झालेली, अल्प मानधनावर काम करणारी तरुणी; ती वर्गातील पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास बाजूला घेऊन अक्षरओळख आणि अंकज्ञान पक्के करून घेई. मुंबई आणि बडोदा येथील ह्या उपक्रमाची अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काटेकोर पाहणी केली, तिचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला, आणि ह्या प्रकारच्या संशोधनासाठीच पुढे २०१९ मध्ये त्या दोघांचा मायकेल क्रेमर ह्यांच्यासह नोबेल पारितोषिकाने गौरव झाला. मुलांची गती लक्षणीयरीत्या वाढली होती, आणि सर्वांत अधिक लाभ झाला होता तो सर्वांत मागे असलेल्या मुलांना. परंतु त्याच पाहणीतील दुसरी गोष्ट मला अधिक विचार करावयास लावणारी वाटते: उपक्रम थांबल्यावर वर्षभरातच त्या लाभाचा पुष्कळसा भाग ओसरला. माणूस निघून गेले की त्याने दिलेलेही हळूहळू निघून जाऊ लागते. ह्या कामात सातत्याला पर्याय नाही.

मराठवाड्याला हे सातत्य परके नाही. निजामाच्या राजवटीत माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू होती, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचेही माध्यम तेच होते, आणि मराठी मुलाला आपल्या भाषेतून चार इयत्तांपलीकडे शिकणे दुर्घट होते. अशा काळात आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा ह्या आडगावी राष्ट्रीय शाळा निघाली, आणि तिच्या मुख्याध्यापकपदी आलेल्या व्यंकटेश खेडगीकर नावाच्या तरुणाने मुलांमध्ये राहून, त्यांच्याबरोबर जेवून शिकविण्याची जी रीत घातली, तिच्यातूनच पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व उभे राहिले. खेडगीकरांनी संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ हे नाव धारण केले, अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत विद्यार्थी घडविले आणि मग संस्थानाविरुद्ध लढा उभारला. आज नांदेडचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचे राजकीय चरित्र सर्वांना ठाऊक आहे. मात्र ते मूळचे शिक्षक होते आणि त्यांचे पहिले सैन्य शाळेच्या बाकांवर बसलेले होते, ह्याची आठवण आपण तितक्या अगत्याने ठेवीत नाही.

दैवाने ह्या प्रदेशाची परीक्षा घेतली ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. गणेशविसर्जन आटोपून गावे गाढ झोपेत असताना ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारी-सास्तूरच्या परिसरातील दगडमातीची घरे त्यांच्या जाड भिंतींसह कोसळली आणि हजारो माणसे त्यांखाली गाडली गेली. त्यानंतर मदतीचा जो ओघ आला त्यात अनाथ आणि बेघर मुलांची काळजी वाहणाऱ्या संस्थाही होत्या. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, तर राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभे करून मुलांना त्यांच्या मुलखातच वाढविण्याचा मार्ग पत्करला. दोन्ही मार्गांनी मुले शिकली. तरीही पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरवून, स्वतःच्या घरातील मृतांचे दिवस घालून दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फळ्यापाशी उभ्या राहिलेल्या स्थानिक शिक्षकांची कथा अद्याप कोणी नीट लिहून ठेवलेली नाही, ही मला मोठी उणीव वाटते. ते शिक्षक आता सेवानिवृत्त झाले आहेत. त्यांच्या आठवणी नोंदवून घेण्यास अजून वेळ आहे, पण फार नाही.

लातूरचे नाव आज महाराष्ट्रात घेतले जाते ते ‘लातूर पॅटर्न’साठी. राजर्षी शाहू महाविद्यालयातून रूढ झालेल्या त्या अध्यापनपद्धतीने खेड्यापाड्यांतील मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणाची दारे उघडून दिली, हे तिचे ऋण मान्य करावयासच हवे. मात्र त्याच लातुरापासून मोटारीने थोड्याच वेळात पोहोचता येईल अशा औसा तालुक्यातील हासेगावच्या माळावर २००७ सालापासून जी दुसरी शाळा चालू आहे, तिची कीर्ती गुणपत्रिकांवर अवलंबून नाही. ‘सेवालय’ हे तिचे नाव. पूर्वाश्रमी पत्रकार असलेल्या रवी बापटले ह्यांनी, एचआयव्हीचा संसर्ग घेऊनच जन्माला आलेल्या आणि आईबापांच्या मृत्यूनंतर नातलगांनीही दूर लोटलेल्या मुलांसाठी हे घर उभे केले.

ह्या मुलांची गोष्ट नीट समजण्यासाठी रोगाची थोडी माहिती असणे अवश्य आहे. उपचार न घेणाऱ्या संसर्गित मातेकडून बाळाकडे विषाणू जाण्याची शक्यता शंभरांत १५ ते ४५ इतकी असते. उपचार वेळेवर मिळाले तर ती अगदी नगण्य होते. आपल्या देशात विषाणूरोधक औषधे सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळू लागली ती एप्रिल २००४ पासून, आणि मुलांसाठीचा स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो २००६ च्या अखेरीस. म्हणजे त्यापूर्वीच्या वर्षांत जन्मलेल्या पिढीला आईबाप वाचविणारे औषधही मिळाले नाही आणि स्वतःला वाचविणारेही उशिरा मिळाले. सेवालयाची स्थापना झाली ती नेमकी ह्याच सुमारास, जेव्हा औषध आले होते पण ते मुलाच्या तोंडात रोज घालणारे माणूस आले नव्हते.

कारण ह्या औषधाचा सारा भरवसा वेळेवर आहे. गोळी रोज, ठरल्या घटकेला, न चुकता घ्यावी लागते; ती वारंवार चुकली तर विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो आणि मग अधिक कठीण उपचारांकडे वळावे लागते. लहान मुलाच्या गोळीचे प्रमाण त्याच्या वजनावरून ठरते, म्हणून वजन पुनःपुन्हा घ्यावे लागते. त्यातच क्षयाची बाधा झाली तर दोन औषधांचे वेळापत्रक सांभाळावे लागते. कडू चवीने तोंड फिरविणारे सहा वर्षांचे मूल आणि ‘मला काहीच होत नाही, मग गोळी कशाला?’ असे विचारणारा चौदा वर्षांचा मुलगा, ह्या दोघांना एकाच संध्याकाळी निरनिराळ्या शब्दांत समजावणे, आणि तेच दुसऱ्या सकाळी पुन्हा करणे, हा अशा घराचा नित्यक्रम असतो. सणाच्या दिवशी सुटी नाही, घरी लग्न असले तरी सुटी नाही. एका मुलामागे वर्षाच्या अशा शेकडो गोळ्या कोणी तरी हाताने दिलेल्या असतात. त्यांची मोजदाद कोणत्याही पुरस्काराच्या मानपत्रात येत नाही.

आणि हे चालले होते ते विरोधाच्या वातावरणात. ह्या मुलांबरोबर आपली मुले बसली तर त्यांनाही रोग जडेल ह्या भीतीने २००९ साली गावातील पालकांनी आपल्या मुलांना शाळेत पाठविणे बंद केले आणि सेवालयातील मुलांच्या शाळाप्रवेशाचा प्रश्न राज्यभर गाजला. सोबत बसल्याने, जेवल्याने, खेळल्याने एचआयव्ही पसरत नाही हे वैद्यकशास्त्राने केव्हाच सांगितले होते. परंतु पत्रके वाटून भीती जात नाही, ती जाते वर्षानुवर्षे शेजारी राहून. गावकऱ्यांनाही मी दोष देऊ इच्छित नाही. आपल्या लेकराविषयीची भीती ही क्रौर्यातून जन्मलेली नसते. पुढे २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने शाळा, नोकरी, निवास ह्यांबाबतचा असा भेदभाव निषिद्ध ठरविला, आणि तो कायदा सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. हासेगावच्या मुलांना त्याच्या कितीतरी आधी स्वतःच्या वागणुकीने वाट काढावी लागली. समाजाच्या मदतीवर चालणाऱ्या ह्या घरातील मुलांनी ‘हॅपी म्युझिक शो’ नावाचा वाद्यवृंद बसविला, गावोगावच्या रंगमंचांवर गाणी सादर केली, आणि ज्यांना लोक शिवावयास भीत होते त्यांच्यासाठी लोक टाळ्या वाजवू लागले.

सेवालयाचे मला सर्वांत थोर वाटणारे काम मात्र ह्यानंतरचे आहे. जी मुले जगणार नाहीत असे गृहीत धरून समाजाने टाकून दिली होती, ती जगली, मोठी झाली, आणि अठराव्या वर्षी बालगृहाचा कायदेशीर आधार संपल्यावर त्यांनी जावे कोठे, हा नवाच प्रश्न उभा राहिला. बापटले ह्यांनी त्यांना दारातून निरोप दिला नाही. त्यांच्यासाठी ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ ही वसाहत उभी केली, त्यांना कामधंदा शिकविला आणि संमतीने, वैद्यकीय सल्ल्याने त्यांची लग्नेही लावून दिली. बालकाच्या सेवेची मुदत कोठे संपते, ह्या प्रश्नाला त्यांनी दिलेले हे उत्तर आहे.

अशा माणसांचा गौरव कसा करावा? आपल्याकडे गौरवाची एक ठरीव पद्धत आहे: सभागृह, पाहुणे, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील छायाचित्र. ती टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही; उपेक्षित माणसाला चार लोकांसमोर उभे करून ‘तुमचे काम आम्हांस दिसते’ असे सांगण्यात निश्चितच अर्थ आहे. परंतु ज्या दिवशी हा सत्कार असतो त्या संध्याकाळीही मुलांना भाकरी लागते, गोळी लागते, आणि सत्कारमूर्ती तालुक्याच्या ठिकाणी अडकलेली असते. म्हणून मला वाटते, खरा सत्कार म्हणजे त्यांच्या ओझ्यातील एखादा वाटा नेमाने उचलणे. किराणा दुकानदाराने हंगामी वसतिगृहाचा माल अनुदान येईपर्यंत बिनव्याजी द्यावा. गावातील शिकलेल्या सुनेने आठवड्यातील दोन संध्याकाळी पोरांचे वाचन घ्यावे, म्हणजे गुरुजींना आपल्या घरी जाता येईल. तालुक्याच्या डॉक्टरने महिन्यातून एकदा पटावरील मुले तपासावीत. निवृत्त कारकुनाने जमाखर्चाची वही लिहून द्यावी. किनवट-माहूरच्या डोंगरातील आश्रमशाळांना तर हे अधिकच लागू आहे, कारण तेथे गोंडी-कोलामी बोलणाऱ्या मुलाशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलू शकणारे माणूस हीच मोठी मदत असते.

ह्यांतील एक काम असे आहे की ते आजच्या आज करता येते, म्हणून त्याचा तपशील येथे देतो. ज्या मुलाचे आईवडील दोघेही किंवा दोघांपैकी एक हयात नाही, किंवा गंभीर आजार, तुरुंगवास अशा कारणांनी जे मूल सांभाळाविना राहिले आहे, त्याच्या संगोपनासाठी शासनाची ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना’ आहे, आणि तिच्यातून त्या मुलासाठी दरमहा २२५० रुपये मिळतात. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या मुलांनाही तिचा आधार होऊ शकतो. पण अर्जासोबत मृत्यूचा दाखला, आधारपत्र, शिधापत्रिका, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँकेचे पासबुक आणि पालकासह मुलाचे घरासमोरचे छायाचित्र इतके कागद जोडावे लागतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यावा लागतो, आणि बालकल्याण समितीसमोर मुलासह जावे लागते. नातवाला सांभाळणारी, अंगठा उठविणारी सत्तर वर्षांची आजी हे एकटीने करू शकत नाही. एका खेपेला तिची दिवसाची मजुरी जाते, आणि एक कागद कमी पडला की दुसरी खेप करावी लागते. ज्या गावांत अंगणवाडीची ताई, मुख्याध्यापक किंवा दुचाकी बाळगणारा एखादा तरुण हे कागद स्वतः गोळा करतो आणि आजीला बरोबर नेऊन आणतो, तेथील मुलांना ही मदत मिळते. बाकीच्या गावांतील मुले योजनेस पात्र असूनही तिच्याबाहेर राहतात. अर्जाला शुल्क नाही. आपल्या गल्लीत किंवा तांड्यावर असे मूल असेल तर आधी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारावे, त्याचा अर्ज कोणी केला आहे का. आणि केला नसेल, तर बोनाफाईड तेथेच मागून घ्यावे.